लिफ्टचा खर्च, देवळाची वर्गणी आणि हवामानाचं बिल : ज्याचं घर मोठं त्याने जास्त द्यावं का?

जिन्यातला_बल्ब

नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. दहाची वेळ, साडेदहाला कोरम नाही म्हणून तहकूब, अर्ध्या तासाने तेच बारा जण, तीच सभा. विषय एकच: लिफ्ट बदलायची आहे, खर्च १८ लाख.

चाळीस फ्लॅट. सोळा वन बीएचके (४२० फूट कार्पेट), बावीस टू बीएचके (६५० फूट) आणि सगळ्यात वर दोन मोठे, १३०० फुटांचे. कमिटीने सरळ भागाकार करून घरटी ४५,००० सांगितले. मी उठून म्हणालो, हे बरोबर नाही. मी ४२० फुटांत राहतो. वरच्या मजल्यावरच्यांच्या हॉलमध्ये माझं अख्खं घर मावेल. त्यांनी आणि मी सारखेच पैसे का द्यायचे? त्यावर वरचे साहेब म्हणाले, "लिफ्टमध्ये मीही एकटाच उभा राहतो हो, तीन माणसांची जागा घेत नाही." सभा हसली आणि मी बसलो.

घरी आलो तर टीव्हीवर हवामान परिषदेची चर्चा: श्रीमंत देशांनी जास्त द्यावं, ते म्हणतात सगळ्यांनी द्यावं. म्हटलं, ही तर आमचीच सभा, फक्त चहा चांगला असणार.

तर प्रश्न असा की सामाईक खर्चात ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यावं का? सोसायटीत, गावात, देशात, जगात?

बंड्या_बिनकामाचा

पहिला नंबर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पॉपकॉर्नचा खर्च समान वाटून घेऊ.

कलम_पोटकलम

सोसायटी महाराष्ट्रातली आणि सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून नोंदलेली आहे असं धरतो. मग तुमची बाजू कायद्यात लंगडी आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचा २९ एप्रिल २००० चा शासन आदेश आहे. सेवा शुल्क, म्हणजे सुरक्षारक्षक, सफाई, जिन्यातला बल्ब (तुम्ही नव्हे, खरा), कार्यालयीन खर्च, हे सगळं प्रत्येक फ्लॅटला समान, क्षेत्रफळ काहीही असो. लिफ्टचा खर्चही लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सगळ्यांना समान, वापरा किंवा वापरू नका. उच्च न्यायालयानेही पुढे हाच समान वाटणीचा नियम उचलून धरला. युक्तिवाद अगदी तुमच्या वरच्या साहेबांचा: वॉचमन मोठ्या फ्लॅटसाठी जास्त वेळ जागत नाही.

पण सगळंच समान नाही. पाणीपट्टी नळांची संख्या आणि आकार पाहून. मालमत्ता कर महापालिका ज्या त्या घराला लावेल तसा. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के, म्हणजे मोठ्या घराला आपोआप जास्त. एकाच बिलात तीन वेगवेगळी न्यायाची तत्त्वं असतात. कोणी नीट वाचत नाही एवढंच.

आता खरी गंमत: अख्खी लिफ्ट बदलणं हा 'लिफ्टचा खर्च' की 'मोठी दुरुस्ती'? पहिलं म्हणाल तर समान, दुसरं म्हणाल तर क्षेत्रफळाने. यावर भांडायला भरपूर वाव आहे.

शेवग्याची_शेंग

कलमदादा, पुण्याचं वेगळं असतं ना? आमच्याकडे चौरस फुटावरच घेतात. माझा थ्री बीएचके आहे, म्हणून मला नीट माहीत आहे. :(

कलम_पोटकलम

बरोबर. तुमची बहुधा 'अपार्टमेंट' असणार, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली. तिथे डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदणीच्या दस्तात, प्रत्येकाचा सामाईक मालमत्तेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो आणि खर्च त्या टक्क्याने. २०२५ मध्ये पुण्यातल्याच एका प्रकरणात उच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन इमारती, एकीत मोठ्या घराला जास्त, दुसरीत समान. दोन्ही कायदेशीर.

हिशेबनीस

धागाकर्त्याचं गणित करून टाकतो. एकूण क्षेत्र २३,६२० फूट, म्हणजे फुटाला ७६ रुपये आणि थोडे पैसे. वन बीएचकेला साधारण ३२,०००, टू बीएचकेला ४९,५००, मोठ्यांना ९९,०००. म्हणजे तुमचे वाचणार १३,०००. पण नीट बघा: बावीस टू बीएचकेवाल्यांना साडेचार हजार जास्त पडणार. मतं तुमची सोळा, त्यांची बावीस आणि वरची दोन. तत्त्व राहू द्या, तुम्हाला बहुमतच नाही.

घाटमाथा

मी स्वतः पाच वर्षं सेक्रेटरी होतो (शत्रूवरही ही वेळ येऊ नये). क्षेत्रफळ म्हणजे ऐपत, हे समीकरण मला मान्य नाही. आमच्याकडे एक काकू आहेत, टू बीएचकेत एकट्या. यजमानांनी गिरणीतून मिळालेल्या पैशांतून ८८ साली घर घेतलं, आता फॅमिली पेन्शनवर चाललंय. त्यांच्या समोर वन बीएचकेत एक जोडपं, दोघंही आयटीत, दोन गाड्या. फुटावर पैसे घेतले तर काकू जास्त देणार आणि ते दोघं कमी. घर मोठं असलं तरी ते विकल्याशिवाय त्यातून पैसा येत नाही, आणि काकू काही लिफ्टसाठी घर विकणार नाहीत.

ऐपतीप्रमाणे घ्यायचं तर सगळ्यांची पगारपत्रकं नोटीस बोर्डावर लावा. आहे तयारी?

जिन्यातला_बल्ब

@घाटमाथा, मुद्दा मान्य. आमच्याकडेही अशा एक आजी आहेत. त्या सभेत काही बोलल्या नाहीत, फक्त "हप्ते मिळतील का" एवढं विचारलं.

@कलम, सिंकिंग फंड होता. मागच्या कमिटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर घातला. गच्ची अजून गळते.

उंबरठा

तळमजल्यावरून प्रतिसाद देतोय. गेली २२ वर्षं मी लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही. मग मी ४५,००० कशासाठी देऊ?

बंड्या_बिनकामाचा

काका, एकदा वर जाऊन गच्ची गळतेय का बघून या. लिफ्टने जा, वसूल करा.

फिनलंडचा_गारठा

घाटमाथांनी पगारपत्रक नोटीस बोर्डावर लावायचं म्हटलं, तर इथे ते जवळजवळ लावतात. फिनलंडमध्ये लोकांचं करपात्र उत्पन्न सार्वजनिक असतं, दर वर्षी नोव्हेंबरात पेपरवाले सगळ्यात जास्त कमावणाऱ्यांच्या याद्या छापतात. शेजाऱ्याचं उत्पन्न बघायला मी पहिल्या वर्षी फार उत्सुक होतो, कळल्यावर रात्रभर झोप लागली नाही.

वेगाचा मोठा दंडसुद्धा इथे उत्पन्नावर असतो. २००२ मध्ये नोकियाचे एक संचालक अन्सी वान्योकी यांना मोटारसायकल जोरात चालवल्याबद्दल १,१६,००० युरो दंड झाला होता. अपिलात तो बराच कमी झाला, पण किस्सा अजून सांगतात.

अनुस्वार

गारठाराव, दंड हा सामाईक खर्च नाही. दंड टोचला पाहिजे म्हणून तो ऐपतीवर. लिफ्टचं बिल कोणाला टोचावं असा हेतू नसतो (कमिटीचा असेल तर माहीत नाही). जर्मनीत रेडिओ-टीव्हीची वर्गणी बघा: घरामागे महिन्याला १८.३६ युरो, बंगला असो की एक खोली, टीव्ही असो की नसो. तिथेही लोक कोर्टात गेले, उंबरठाकाकांचाच मुद्दा घेऊन. हरले.

मिरगाचा_किडा

ऐपतीचा विषय निघालाच आहे तर आपल्या पगाराच्या चिठ्ठीतल्या २०० रुपयांबद्दल कोणी बोलेल का? व्यवसाय कर. फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागेंची कल्पना: शहरात ज्याचा पगार चालू आहे त्याने थोडं द्यायचं, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची, आणि त्यातून खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं.

माझी आजी आटपाडीकडची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी, मिलो, हे तेव्हा वाटलेल्या खाण्याचे शब्द आमच्या घरात अजून शिव्यांसारखे वापरतात. पुढे रोजगार हमीत पाझर तलावावर माती वाहिली, तेव्हा बाईला आणि बाप्याला सारखीच मजुरी मिळाली. हे ती मरेपर्यंत सांगायची. ते पैसे कुठून येतात हे तिला माहीत नव्हतं. मी पहिल्या नोकरीत चिठ्ठीवर 'पी. टी.' बघितलं आणि एचआरला विचारलं हे काय, तर तीही म्हणाली, "काय माहीत, सगळ्यांचंच कापतात."

आता वाटणी बघा. महिन्याला दहा हजारांच्या वर कमावणारा पुरुष २,५०० देतो. महिन्याला दहा लाख कमावणाराही २,५००. (बायकांना २५,००० पर्यंत आता माफ आहे, ते बरं झालं.) राज्याने ठरवलं तरी श्रीमंताकडून जास्त घेता येत नाही, कारण २,५०० ची मर्यादा घटनेच्या कलम २७६ मध्येच आहे. आधी ती २५० होती, १९८८ मध्ये २,५०० केली आणि तेव्हापासून तिथेच. तेव्हा २,५०० ही काही लोकांच्या महिन्याच्या पगाराएवढी रक्कम होती. आज दोघांच्या एका जेवणाचं बिल होतं.

शेवग्याची_शेंग

दंडवत. २३ वर्षं कापून घेतेय, आज कळलं कशाचे ते.

सह्याद्रीचा_सुळका

रोजगार हमीचं कौतुक आहेच. पण महाराष्ट्राने आणखी किती द्यायचं? देशाच्या प्रत्यक्ष करातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा इथून जातो. आणि केंद्राचा कर राज्यांत कसा वाटायचा ते ठरवणाऱ्या वित्त आयोगाच्या, म्हणजे १५ व्या आयोगाच्या (२०२१ ते २०२६) वाटपात परत किती? ६.३१७ टक्के. उत्तर प्रदेशला १७.९३९. आमच्या लोकलला लोंबकळून माणसं मरतात आणि आम्ही दुसऱ्यांच्या लिफ्टचे पैसे भरतोय.

हिशेबनीस

सुळका, भावना समजली, आकडाही बरोबर. पण तो कर 'महाराष्ट्राचा' नाही. कंपनीचं मुख्यालय नरिमन पॉइंट किंवा बीकेसीत, खाण झारखंडात, गिऱ्हाईक बिहारात, आणि करभरणा मुंबईत. तो सगळा महाराष्ट्राच्या घामाचा म्हणणं म्हणजे टोल नाक्यावरच्या माणसाने गाड्या माझ्याच म्हणण्यासारखं आहे.

आणि त्या सूत्रात सगळ्यात जास्त वजन, ४५ टक्के, होतं ते राज्याचं दरडोई उत्पन्न वरच्या राज्यांपेक्षा किती मागे आहे याला. म्हणजे उघडउघड ऐपतीचं तत्त्व. तक्रार करायची तर सेस आणि सरचार्जची करा. अतिश्रीमंतांवर केंद्र जो सरचार्ज लावतं तो राज्यांबरोबर वाटायच्या पैशांत धरतच नाहीत. २०१५ मध्ये संपत्ती कर काढून टाकला आणि त्याऐवजी सरचार्ज वाढवला, त्यातली ही मेख फार थोड्यांच्या लक्षात आली. श्रीमंतांनी जास्त दिलंही असेल, पण ते कोणत्या डब्यात पडलं ते बघा.

काळी_माती

मराठवाड्यातून. सुळका, तुम्ही दिल्लीबद्दल जे म्हणता तेच आम्ही मुंबई-पुण्याबद्दल म्हणतो. अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातली तूट, हा शब्द आम्ही शाळेत असल्यापासून ऐकतोय, १९८४ च्या दांडेकर समितीपासून. तेव्हा मात्र पश्चिम महाराष्ट्राला "आमचा पैसा" आठवतो. जो मागे आहे त्याला जास्त, हे तत्त्व दिल्लीत चुकीचं आणि मुंबईत बरोबर असं कसं? किंवा उलट?

सह्याद्रीचा_सुळका

हे अवांतर होतंय.

काळी_माती

नाही होत.

बंड्या_बिनकामाचा

पॉपकॉर्न संपले. दुसरी लाही मराठवाड्याच्या ज्वारीची आणा.

दोन_ध्रुव

जगाकडे कोणी वळतच नाही, म्हणून मी वळतो. हवामानाच्या वाटाघाटी काही वर्षं जवळून वाचतोय. इथल्या सभेचे सगळे नमुने तिथे आहेत.

१९९२ मध्ये रिओच्या जागतिक परिषदेत ठरलं की जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्यांनी आधी धूर सोडला आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी पुढे व्हायचं. आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडमधला सुमारे एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा. भारताचा चार टक्क्यांच्या आत-बाहेर, लोकसंख्या मात्र जगाच्या सहावा हिस्सा. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देश म्हणाले, २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. ते झाले २०२२ मध्ये, तेही त्यांच्याच हिशेबाने, आणि त्यात मोठा भाग कर्जाचा. म्हणजे वरच्या साहेबांनी लिफ्टचे जास्त पैसे द्यायचं कबूल करायचं, दोन वर्षं उशिरा द्यायचे आणि मग व्याज लावायचं.

२०२४ मध्ये बाकूला नवीन आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती. अध्यक्षांनी हातोडा आपटून ठराव मंजूर केला, त्यानंतर भारताच्या प्रतिनिधीला बोलायला मिळालं आणि त्यांनी तो ठराव मान्य नसल्याचं सांगितलं. इतिवृत्तात नोंद झाली. ठराव तसाच राहिला. ज्यांनी सोसायटीची सभा पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

घाटमाथा

आणि माझ्या त्या काकूंचा प्रश्न तिथेही असेलच?

दोन_ध्रुव

असेलच काय, तोच मुख्य आहे. कोणी द्यायचं ती यादी १९९२ ची. तेव्हाच्या यादीत चीन 'द्यायच्या' गटात नाही, कतार नाही, सिंगापूर नाही. यादी जवळजवळ तशीच आहे. वन बीएचकेतलं आयटी जोडपं समजा. युरोप म्हणतो यादी बदला, चीन म्हणतो आम्ही देतो, पण आमच्या मर्जीने, यादीत नाव नको. आणि आपण? माणशी बघितलं तर आपण काकूंपेक्षाही गरीब, अमेरिकेच्या माणशी धुराच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. पण सगळे मिळून बघितलं तर इमारतीतलं मोठं घर. आपल्याला सोयीचा आकडा आपण पुढे करतो. सगळेच करतात.

अनुस्वार

संयुक्त राष्ट्रांचं मला जास्त आवडतं. तिथे वर्गणीचा खरंच तक्ता आहे: राष्ट्रीय उत्पन्नावर, गरीब देशांना सूट, खाली किमान ०.००१ टक्का, वर कमाल २२ टक्के. ती कमाल मर्यादा फक्त अमेरिकेला लागते. आणि तक्ता ठरावीक वर्षांनी बदलतो, म्हणून २००० च्या आसपास १ टक्का देणारा चीन आता २० टक्के देतो. भारत १ च्या थोडा वर. दोन वर्षांच्या वर्गणीएवढी थकबाकी झाली की आमसभेतलं मत जातं. आपल्याकडे थकबाकीदाराला कमिटीची निवडणूक लढवता येत नाही, तसंच.

पण मत प्रत्येकाला एकच. २२ टक्केवाल्याला एक आणि ०.००१ वाल्याला एक. आता आंतरराष्ट्रीय नाणेनिधी बघा. तिथे ज्याचा वाटा मोठा त्याची मतं जास्त. अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास, आणि महत्त्वाच्या निर्णयाला ८५ टक्के लागतात, म्हणजे एकटी अमेरिका अडवू शकते.

संयुक्त राष्ट्रं म्हणजे सोसायटी, नाणेनिधी म्हणजे अपार्टमेंट.

कलम_पोटकलम

टोपी काढली. आणि अपार्टमेंटमध्ये मतदानही टक्क्यानेच असतं, हे मी लिहायला विसरलो होतो. बल्बराव, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. वरच्यांनी ९९,००० दिले तर उद्या ते गच्चीची किल्ली मागतील. 'आम्ही दुप्पट देतो' हे वाक्य एकदा सभेत आलं की परत जात नाही.

शेवग्याची_शेंग

खरंय. आमच्याकडे दोन मोठी पार्किंगं अशीच गेली. बोलायची सोय नाही, त्यांचे टक्केच तेवढे.

उंबरठा

माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही.

मिरगाचा_किडा

काका, तुमच्या वरच्या मजल्यावर कोणाला रात्री झटका आला तर स्ट्रेचर जिन्यावरून उतरवायला कोणाला हाक मारतील? तळमजल्यालाच. त्यापेक्षा ४५,००० द्या.

उंबरठा

हे पटलं. माझी कंबर धरते.

मालवणी_खाजा

इतक्या वेळ वाचतंय. बल्बा, तू आमच्या बाजूच्या गावचो, तुझ्या सहीतलो गाव वाचलंय. मेल्या, देवळाच्या जीर्णोद्धाराक चाकरमान्यांका जास्त वर्गणी लावली तेव्हा गावच्या ग्रुपवर "घरटी समान असायला हवी, आम्ही तर वर्षातून आठच दिवस येतो" असा लांबलचक कोणी लिवलेला? गावाक येतास तेव्हा गाडी लावूक जागा होयी, पाणी होया, आणि वर्गणी म्हटली की आठ दिवस! माझी मामी त्याच ग्रुपात आसा.

बंड्या_बिनकामाचा

ठ्ठो!!! धागा वसूल.

काळी_माती

मराठवाडा हसतोय.

जिन्यातला_बल्ब

पकडलात. :D ते मीच लिहिलं होतं. माझा बचाव: गावात मी खरंच आठ दिवस असतो आणि देवळाचं रोजचं काम गाववालेच बघतात, मग निर्णयही तेच घेतात. रंग कोणता, कमान कशी, आम्हाला विचारलं नाही. पैसे मात्र पाचपट.

लिहिताना लक्षात आलं की वरचे साहेब नेमकं हेच म्हणाले असते. सोडा.

दोन_ध्रुव

नाही, सोडू नका. इथे तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरलेत. कोण वापरतं, नुकसान कोणी केलं आणि कोणाला झेपतं. लिफ्टमध्ये दुसरा प्रश्नच नाही, लिफ्ट म्हातारी होऊन मेली. देवळातही नाही. हवामानात मात्र तोच पहिला आहे. २०२२ मध्ये पाकिस्तानात पूर आला आणि त्याच वर्षी शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत नुकसानभरपाईचा निधी काढायचं ठरलं, तेव्हा मागणाऱ्यांचा सूर 'तुम्ही श्रीमंत आहात' असा नव्हता, 'हे तुमच्या धुरामुळे' असा होता. श्रीमंत देशांना पहिलं वाक्य चालतं, कारण ते दान होतं. दुसऱ्यात दायित्व येतं, म्हणून दर मसुद्यात ते शब्द खोडतात. तेव्हा वरच्या साहेबांकडून मागताना ते श्रीमंत आहेत म्हणून मागू नका. ते देणारही नाहीत, आणि दिले तर उपकार म्हणून देतील.

घाटमाथा

थोडा असहमत. नुकसान कोणीच केलं नाही तरीही ज्याला झेपतं त्याने उचलावं, हे दान का? विजेच्या बिलात शंभर युनिटच्या आतल्याला दर कमी आणि पाचशेच्या वरच्याला जास्त, त्याला कोणी दान म्हणत नाही. बिलावर तसं छापलेलं असतं म्हणून. २०१५ मध्ये गॅसची सबसिडी सोडायला सांगितलं तेव्हा एक कोटीहून जास्त लोकांनी सोडली, चांगलंच झालं, पण त्यात आमच्या इमारतीतले किती होते ते मला माहीत आहे. मर्जीवर ठेवलं की तेवढंच येतं.

सह्याद्रीचा_सुळका

मीही सोडली होती. नोंद असावी.

काळी_माती

घेतली. अनुशेषातून वजा करतो.

हिशेबनीस

@बल्ब, मूळ प्रश्नाला उत्तर देतो, बाकी कोणी देणार नाही असं दिसतंय. ४५,००० समान घ्या, कायदा तसाच आहे आणि भांडण वाचेल. पण मुदत समान ठेवू नका. ज्याला जमतं त्याने एकरकमी, ज्याला नाही त्याला वर्षभराचे हप्ते, बिनव्याजी. सुरुवातीची रक्कम वरून आली की कंत्राटदाराचा पहिला हप्ता निघतो आणि आजींना कोणी काही 'दिलं' असं होत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव मात्र करून घ्या. पगारपत्रक न लावता ऐपत मोजायचा मला एवढाच मार्ग दिसतो: ज्याला हप्ते हवेत तो हात वर करतो.

शेवग्याची_शेंग

हात वर करायलाही लाज वाटते हो. चिठ्ठी टाकायला सांगा.

जिन्यातला_बल्ब

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. विशेष सर्वसाधारण सभा झाली. समान ४५,०००, हवे त्याला दहा हप्ते, सेक्रेटरीला चिठ्ठी देऊन. शेंगताईंची सूचना मी माझीच म्हणून मांडली, क्षमस्व. अकरा चिठ्ठ्या आल्या असं कळलं. नावं फक्त सेक्रेटरीला माहीत. त्यात एक माझी आहे. वरच्या साहेबांनी दोन्ही मोठ्या फ्लॅटचे एकरकमी भरले (दुसरा त्यांच्या भावाचा आहे), आणि मग चहाच्या वेळी सहज विचारलं, गच्चीवर चार कुंड्या ठेवल्या तर चालेल ना.

कलम_पोटकलम

म्हटलं नव्हतं?

मालवणी_खाजा

आणि देवळाची वर्गणी?

जिन्यातला_बल्ब

यादी काल आली. गावात राहणाऱ्यांना २,०००. चाकरमान्यांना १०,०००. मी हप्त्यांबद्दल विचारलंय.

उंबरठा

लिफ्ट बसली का?

जिन्यातला_बल्ब

कंत्राटदार म्हणतो पितृपक्षानंतर.